वस्त्राआधी देह

१/
फॅशनची चित्रे काढणाऱ्याला लाइफ ड्रॉइंग कशाला हवे, हा प्रश्न अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. फॅशन-चित्रातील स्त्रीची मान हंसासारखी, कंबर मुठीत मावेल एवढी आणि पाय संपता न संपणारे. असे माणूस जगात नसतेच; मग जिवंत माणसासमोर तासन्‌तास बसून रेखाटण्याचा हट्ट कशासाठी? तयार साचा घ्यावा, त्यावर कपडे चढवावेत, काम झाले. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तो का टिकत नाही आणि त्याची किंमत आजवर कोणी मोजली, याचा हा धागा.

२/
आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट व्हावा. लाइफ ड्रॉइंग म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून केलेले रेखाटन. मॉडेल बहुधा नग्न असते, कधी सवस्त्र. पोझ कधी एका मिनिटाची, कधी पाच मिनिटांची, कधी तासाभराची. एका मिनिटात नाक-डोळे काढायला वेळच नसतो. तेवढ्यात शरीराचा कल, झोक आणि भार पकडावा लागतो. तासाभराच्या पोझमध्ये मॉडेल थकते, खांदा उतरतो, कंबर किंचित ढळते, आणि पाहणाऱ्याला तो बदल दिसू लागतो. छायाचित्र थकत नाही. साचा तर नाहीच नाही.

३/
या अभ्यासातून नेमके काय हाती लागते? माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो, त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. कापडाचे सारे वागणे यावर ठरते. ते खांदा, छाती, नितंब, कोपर आणि गुडघा यांवरून लोंबते. चुणी ताणाच्या जागी जन्मते आणि आधार मिळेल तिथे विरते. चुण्या म्हणजे आतल्या देहाने कापडावर लिहिलेली बातमी. देह ठाऊक नसेल तर ती वाचता येत नाही. मग चुण्या अंदाजाने, वेलबुट्टीसारख्या, काढाव्या लागतात.

४/
आता पहिला आक्षेप: फॅशन-चित्रातील आकृती खोटीच असते. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. फॅशन-चित्रात ती नऊ पट, कधी दहा पट करतात. हे खरे. पण वाढवलेली ही दीड-अडीच डोकी जातात कुठे? बहुतेक सारी पायांत. गुडघा मात्र गुडघ्याच्याच जागी वाकावा लागतो, नितंब कलला तर खांद्याला उलट कलावेच लागते. अतिशयोक्तीला सत्याचे माप आधी ठाऊक असावे लागते. सूर पक्का नसलेल्या गायकाने तान घेतली तर ती तान होत नाही, घसरण होते. तसेच हे.

५/
म्हणून 'आकृती खोटी, सबब अभ्यास अनावश्यक' हा निष्कर्ष मुळातच उलटा आहे. जेवढी आकृती वास्तवापासून दूर न्यायची, तेवढे वास्तव अधिक नेमके माहीत असावे लागते. अर्कचित्रकाराला चेहऱ्याची जाण पोर्ट्रेट काढणाऱ्यापेक्षा कमी लागते, असे कोणी म्हणणार नाही. फॅशन-चित्रकाराच्या बाबतीत मात्र तसे सर्रास म्हटले जाते. या तुच्छतेला एक जुना इतिहास आहे, आणि तो पॅरिस-लंडनमध्ये सुरू होतो.

६/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये 'गॅलरी दे मोद' ही फॅशन-चित्रांची मालिका निघू लागली (१७७८–१७८७). लंडनमध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन याच्या 'रिपॉझिटरी'ने १८०९ ते १८२९ अशी वीस वर्षे वाचकांना नव्या पोशाखांची चित्रे पुरवली. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, छापायचे आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची, अशी ही पद्धत. ग्राहक चित्र घेऊन शिवणाऱ्याकडे जाई आणि तसेच शिवायला सांगे. त्यामुळे चित्रात बाहीची रचना, लेसची रुंदी, घेराची लांबी स्पष्ट दिसणे महत्त्वाचे. आतला देह बहुतेकदा खुंटीसारखा, कपडा टांगण्यापुरता.

७/
एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या या व्यवसायात तीन बहिणी फार पुढे आल्या: एलोईज, अनाईस आणि लोर. चित्रकार आलेक्सांद्र-मारी कोलँ याच्या या मुली. लग्नानंतर त्या लल्वार, तुदूझ आणि नोएल या आडनावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांनी केलेली फॅशन-चित्रे अनेक नियतकालिकांतून, अनेक देशांत पोहोचली. त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या कपाटात काय असावे, हे ठरवण्यात या तिघींच्या पेन्सिलीचा वाटा मोठा होता. तरीही कलेच्या इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत त्यांची नावे शोधावी लागतात.

८/
चित्रकाराच्या घरात वाढलेल्या, हातात कसब असलेल्या या स्त्रिया मोठ्या चित्रांकडे का वळल्या नाहीत, असा प्रश्न पडतो. पॅरिसची सर्वांत प्रतिष्ठित कलाशाळा, एकोल दे बोझार, स्त्रियांना प्रवेशच देत नव्हती. तिचे दार स्त्रियांसाठी उघडले ते १८९७ मध्ये. तोवर तिघींपैकी दोघी निवर्तल्या होत्या आणि मधली, अनाईस, पंच्याहत्तरीला आली होती. त्यांचे शिक्षण वडिलांच्या घरी झाले. सरकारी शाळेतील लाइफ क्लास, स्पर्धा, रोमची शिष्यवृत्ती, हे सारे पुरुषांसाठी राखलेले होते.

९/
लंडनची कथा याहून बोलकी आहे. १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या: अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफनी याने १७७१-७२ मध्ये अकादमीच्या सदस्यांचे समूहचित्र रंगवले. प्रसंग लाइफ क्लासचा. सारे सदस्य नग्न पुरुष मॉडेलभोवती जमले आहेत. कोणी बोलतो आहे, कोणी निरखतो आहे. त्या दोघी कुठे आहेत? भिंतीवर. टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांच्या रूपात. सदस्य म्हणून त्यांना वगळता येत नव्हते, आणि नग्न मॉडेल असलेल्या खोलीत त्यांना उभे करणे शिष्टसंमत नव्हते.

१०/
पुढे १८६० मध्ये लॉरा हरफर्ड हिने अकादमीच्या शाळेकडे आपली रेखाटने पाठवली. सही केली ती केवळ आद्याक्षरे आणि आडनाव वापरून. निवड झाली. निवडलेला विद्यार्थी ही विद्यार्थिनी आहे, हे नंतर उघड झाले. तिला प्रवेश मिळाला, तिच्यामागून इतरही आल्या. लाइफ क्लासचे दार मात्र बंदच राहिले. विद्यार्थिनींना जिवंत मॉडेलवरून रेखाटण्याची परवानगी मिळाली ती १८९३ मध्ये, आणि तीही मॉडेलचे अंग अंशतः झाकलेले असावे या अटीवर. आत येण्याच्या परवानगीपासून पाहण्याच्या परवानगीपर्यंतचे अंतर तेहतीस वर्षांचे होते.

११/
अटलांटिकपलीकडेही हवा वेगळी नव्हती. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत थॉमस ईकिन्स शिकवत असे. शरीररचनेच्या अभ्यासावर त्याचा भर विलक्षण होता. विद्यार्थिनी हजर असताना त्याने पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र दूर केले, यावरून गदारोळ झाला आणि १८८६ मध्ये त्याला पद सोडावे लागले. त्याच्या वर्तनाविषयी इतर तक्रारीही होत्या, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे. पण ज्या एका गोष्टीने ठिणगी पडली ती ही: स्त्रीने पुरुषाचा देह अभ्यास म्हणून पाहिला.

१२/
याचा परिणाम साधा आणि दूरगामी होता. त्या काळच्या प्रतवारीत सर्वांत वर ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रे. त्यांना नग्न मानवाकृतीचे ज्ञान अनिवार्य. तेच नाकारले की उरते काय? फुले, लघुचित्रे, घरगुती प्रसंग आणि फॅशन-चित्रे. स्त्रिया तिकडे वळल्या, कारण बाकीच्या वाटा बंद होत्या. मग त्याच वाटेला 'बायकी' म्हटले गेले आणि तिथल्या आकृतींना 'शरीररचनेत कच्च्या'. आधी हात बांधायचे आणि मग पोहता येत नाही म्हणून हसायचे, असा हा न्याय.

१३/
दांभिकता इथेच संपत नाही. आधुनिक चित्रकलेचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या पॉल सेझानने १८७० च्या सुमारास 'ला मोद इलुस्त्रे' या नियतकालिकातील फॅशन-चित्रांवरून रंगचित्रे केली. अनाईस तुदूझ जिथे काम करत असे ते हेच नियतकालिक. मूळ चित्रे 'फॅशनची' म्हणून पुसट झाली. त्यांवरून केलेली रंगचित्रे 'कला' म्हणून अभ्यासली जातात. कोणते काम हलके आणि कोणते भारी, हे रेषेवरून ठरत होते की रेषा काढणाऱ्यावरून, याचा विचार व्हायला हवा.

१४/
साच्याचे समर्थक इथे म्हणतील: पाहा, एकोणिसावे शतकभर लाइफ क्लासशिवाय फॅशन-चित्रण चालले की! चालले, यात वाद नाही. पण ते नोंदवहीसारखे चालले. त्या चित्रांतून बाहीचा नमुना कळतो. ती बाही घालून हात वर केला तर काय होते, ते कळत नाही. शिवाय कॉर्सेट आणि रुंद घेर यांनी देहच झाकून टाकला होता. पोशाखानेच देहाला साच्यात कोंबले होते, म्हणून साच्यावर भागत होते. कॉर्सेट सुटला त्या दिवशी साचा उघडा पडला.

१५/
तो दिवस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पॅरिसचा वस्त्रकार पॉल प्वारे याने कॉर्सेट नाकारून खांद्यावरून सरळ खाली उतरणारे झगे आणले. १९०८ मध्ये पॉल इरीब आणि १९११ मध्ये जॉर्ज लपाप या चित्रकारांकडून त्याने आपल्या पोशाखांचे चित्रसंग्रह करून घेतले. १९१२ मध्ये लुसियाँ व्होजेलने 'गाझेत द्यू बाँ ताँ' हे नियतकालिक काढले. कातरलेल्या साच्यांतून हाताने रंग भरण्याच्या पोश्वार पद्धतीने त्याची चित्रे छापली जात. लपापसह त्याचे अनेक चित्रकार एकोल दे बोझारचे विद्यार्थी. चित्रे सपाट रंगांची, जपानी छापचित्रांची आठवण देणारी. पण त्यांतील स्त्री बसते, वळते, कंटाळते, वाऱ्याकडे पाठ करते. सपाट रंगाच्या आत वजन आहे.

१६/
या बाजूचा सर्वांत बळकट विरोधी दाखला लपवणे योग्य नव्हे: एर्ते. 'हार्पर्स बझार'ची मुखपृष्ठे १९१५ पासून दोन दशके गाजवणारा हा चित्रकार कल्पनेतून आकृती रचत असे. त्याच्या स्त्रिया अलंकारासारख्या. त्याची प्रतिभा वादातीत. पण त्याच्या चित्रांचे स्थान कोणते? स्वप्नातल्या रंगभूमीचे. तिथे कापडाला गुरुत्वाकर्षण लागू नसते. एका अद्वितीय कल्पकाने पायवाट सोडली म्हणून पायवाटच नको, असे म्हणता येत नाही. शिवाय त्याची नक्कल करणाऱ्यांकडे त्याची कल्पकता नव्हती. उरला तो केवळ साचा.

१७/
दुसऱ्या टोकाला एरिक. कार्ल एरिक्सन हे पूर्ण नाव, जन्म १८९१, अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिक्षण शिकागोत. 'व्होग'साठी तो काही दशके चित्रे काढत राहिला, १९५८ मध्ये मृत्यूपर्यंत. त्याची रेषा इतकी सहज की दोन मिनिटांत काढल्यासारखी वाटते. हा एरिक समोर जिवंत मॉडेल असल्याशिवाय काम करत नसे, ही त्याची ख्यातीच होती. जे सर्वांत सैल दिसते ते सर्वांत जास्त पाहून आलेले असते. त्याच्या चित्रात कोटाच्या खिशात घातलेला हात नुसती एक वळणदार रेषा असते, पण आत मूठ वळलेली आहे की बोटे सैल आहेत, हे कळते.

१८/
आता दुसरा आक्षेप: कॅमेऱ्याने फॅशन-चित्रण मारले, मग त्याच्या पायाची चर्चा कशाला? 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिले रंगीत छायाचित्र आले जुलै १९३२ मध्ये. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन. त्यानंतर छायाचित्रांचा वाटा वाढत गेला, हे खरे. पण एरिकची उत्तम चित्रे याच तीस-चाळीसच्या दशकांतली आहेत, आणि ख्रिस्तियाँ दिओरने १९४७ मध्ये नवे घराणे उभे केले तेव्हा त्याच्या अत्तराची जाहिरात रने ग्रुओच्या कुंचल्यातून उतरली. कॅमेरा आल्यावर पंधरा वर्षांनीही चित्र जिवंत होते.

१९/
कॅमेऱ्याकडे असे काय होते जे जुन्या फॅशन-चित्राकडे नव्हते? खरा देह. कापडाच्या आत कोणीतरी आहे याचा पुरावा. ज्या चित्रकारांकडे तो पुरावा रेषेतून देण्याची ताकद होती त्यांना कॅमेऱ्याशी बरोबरी करता आली. त्यांनी वर निवडही दिली, कारण कॅमेरा सगळेच टिपतो आणि रेषा नेमके तेवढेच. ज्यांच्याकडे साचाच होता त्यांच्याजवळ कॅमेऱ्याला द्यायला उत्तर नव्हते. म्हणजे छायाचित्राचा इतिहास साच्याच्या बाजूने साक्ष देत नाही. तो साच्याविरुद्धच साक्ष देतो.

२०/
न्यूयॉर्कच्या 'विमेन्स वेअर डेली' या व्यापारी दैनिकात केनेथ पॉल ब्लॉक याने दशकानुदशके पोशाख रेखाटले. त्याच्या चित्रांत हावभाव आधी दिसतो, कपडा मागून. १९९२ मध्ये त्या दैनिकाने आपला चित्रविभाग बंद केला. पण त्याच शहरातील दुसऱ्या एका चित्रकाराने त्याआधीच दाखवून दिले होते की जिवंत मॉडेलचा आग्रह ही शैलीपुरती बाब नाही. त्याचे नाव अँटोनियो लोपेझ. जन्म १९४३, पोर्तो रिको. सातव्या वर्षी कुटुंबासह न्यूयॉर्कला. मृत्यू १९८७, एड्सने.

२१/
लोपेझ आणि त्याचा सहकारी हुआन रामोस यांचा स्टुडिओ माणसांनी गजबजलेला असे. पॅट क्लीव्हलँड, ग्रेस जोन्स, जेरी हॉल या त्यांच्या मॉडेल. त्यांना समोर उभे करून चित्रे होत. फॅशनच्या पानांवर गोऱ्या, एकसारख्या चेहऱ्यांची मक्तेदारी असताना लोपेझच्या कागदावर कृष्णवर्णीय आणि लॅटिन देह आले, त्यांच्या स्वतःच्या चालीसह, स्वतःच्या उभे राहण्याच्या ढबीसह. साच्यातून हे कधीच घडले नसते. साचा म्हणजे कोणीतरी पूर्वी ठरवलेला एकच देह, हजार वेळा उमटवलेला. जिवंत माणसासमोर बसणाऱ्याला ठरवलेले बाजूला ठेवावेच लागते.

२२/
या वादातील खरी किंमत इथे दिसते. साचा कोणत्या देहाचा, हा प्रश्न साचा वापरणारा विचारत नाही. तो त्याला आयता मिळालेला असतो. उंच, सडसडीत, तरुण, विशिष्ट वंशाचा. मग त्यावर चढवलेला प्रत्येक कपडा त्याच देहासाठी जन्माला येतो, आणि दुकानातील आरशासमोर उभी राहिलेली मुलगी कपड्याला दोष न देता स्वतःला दोष देते. लाइफ क्लासमध्ये साठीची बाई येते, पोट सुटलेला माणूस येतो, सिझेरियनचा व्रण असलेली आई येते. ज्याने त्यांना पाहून रेखाटले आहे त्याला 'प्रमाण देह' या कल्पनेचे हसू येते.

२३/
या इतिहासाचा एक पदर मुंबईत आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात १८५७ ची. तिथे दीर्घकाळ प्लास्टरच्या पुतळ्यांवरून गिरवण्यावर भर होता. १९१९-२० च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास सुरू केला. त्यापूर्वी शिकलेले रावबहादूर म. वि. धुरंधर यांची ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या पुस्तकातील चित्रे पाहावीत. निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या स्त्रिया आपापल्या वस्त्रांत. पदर कुणी कसा सावरते, काष्टा मारलेली बाई कशी चालते, हे तिथे दिसते. जिवंत माणूस निरखण्याची शिस्त वर्गाच्या चार भिंतींपुरती नसते, हेही त्यातून कळते.

२४/
आणि इथेच साच्याच्या युक्तिवादाला सर्वांत साधे उत्तर मिळते. शिवलेल्या कपड्याला स्वतःचा थोडा तरी आकार असतो. हँगरवर टांगला तरी कोट हा कोटच दिसतो. नऊवार मात्र घडी उलगडून जमिनीवर पसरली तर एक लांब पट्टा, बाकी काही नाही. निऱ्या, ओचा, काष्टा, पदर हे सारे देहावरच घडते आणि देहाबरोबरच हलते. ज्या भूमीत वस्त्र न शिवता नेसले गेले, तिथे देह वगळून वस्त्र काढण्याची कल्पना मुळातच निरर्थक ठरते. साच्यावर 'चढवलेली' साडी ओळखू येते ती यामुळेच: ती नेसलेली नसते, चिकटवलेली असते.

२५/
कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढच्या भानू अथैया (१९२९–२०२०), जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. उपजीविकेसाठी त्यांनी 'फॅशन अँड ब्यूटी' आणि मग 'ईव्ह्ज वीकली' या नियतकालिकांसाठी फॅशन-चित्रे काढली. 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादिकेने बुटिक उघडले तेव्हा त्या कागदावरून कापडाकडे वळल्या. 'सी.आय.डी.' (१९५६) पासून चित्रपट सुरू झाले. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. देह, मग रेषा, मग वस्त्र, असा हा क्रम.

२६/
'गांधी'तील काम या क्रमाची परीक्षाच होते. सुटाबुटातील तरुण बॅरिस्टरपासून पंचा नेसलेल्या वृद्धापर्यंत एकच माणूस दाखवायचा. कपडे कमी होत जातात आणि देह उघडा पडत जातो. जिथे वस्त्र अगदी थोडे उरते तिथे ते कसे बसते, याला सर्वाधिक महत्त्व येते. गर्दीच्या प्रसंगांत हजारो माणसे, प्रत्येकाचे धोतर, प्रत्येकाची टोपी. त्यांना साच्यातून काढता आले नसते. ज्या स्त्रीने चित्रकार म्हणून आधी माणूस पाहायला शिकून घेतले, तिला ते साधले.

२७/
या सगळ्या कथेत एक व्यक्ती सतत समोर असते आणि तिचे नाव कुठेच नसते: मॉडेल. लाइफ क्लासचा इतिहास चित्रकारांच्या नावांनी भरलेला आहे. तासन्‌तास निश्चल राहणाऱ्या देहांची नोंद क्वचित. जे. जे.मध्ये मॉडेल म्हणून काम करणाऱ्या स्त्रीची गोष्ट रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने सांगितली. २०१७ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागासाठी परीक्षकांनी त्याची निवड केली होती. मंत्रालयाने तो वगळला. २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. लंडनमधील १८९३ ची ती अट दूरची वाटत असेल, तर हा प्रसंग आठवावा.

२८/
मर्यादाही मान्य करायला हव्यात. कारखान्यात शिवणीसाठी जे सपाट तांत्रिक रेखाचित्र लागते, त्यात देह नसतो आणि नसावाही. तिथे शिवण, माप आणि बटणांची जागा महत्त्वाची. जुन्या अकादमींची घोकंपट्टीही अनेकांची रेषा मारून गेली. लाइफ ड्रॉइंग हा मंत्र नव्हे. ते पाहण्याचे शिक्षण आहे. पण तांत्रिक रेखाचित्र आणि फॅशन-चित्र यांची गल्लत करून दुसऱ्याचा पाया काढून घेणे, ही चलाखी झाली. वेळापत्रकात तास कमी पडले की पहिली कुऱ्हाड लाइफ क्लासवर चालवण्याचा मोह होतो, तेव्हा बहुधा याच चलाखीचा आधार घेतला जातो.

२९/
आज साचा कागदाचा राहिलेला नाही. संगणकात तयार आकृत्या आहेत; शब्द टंकले की चित्र काढून देणारी यंत्रे आहेत. ती पूर्वीच्या लाखो चित्रांवरून शिकलेली, म्हणून त्यांचा कल सरासरीकडे. जे पुन्हा पुन्हा काढले गेले तेच ती पुन्हा काढतात. कोलँ भगिनींना जिवंत देह पाहण्याच्या शिक्षणापासून नियमांनी दूर ठेवले होते. आजच्या विद्यार्थ्याला कोणी अडवत नाही. सोय म्हणून तो स्वतःच दूर राहतो. जो हक्क मिळवायला एका शतकाहून अधिक काळ झगडावे लागले, तो 'वेळ वाचतो' म्हणून सोडून देणे हा इतिहासाचा अपमान आहे.

३०/
१९१३ मध्ये लॉरा नाइट या इंग्रज चित्रकर्तीने एक चित्र रंगवले. विद्यार्थिदशेत तिलाही लाइफ क्लासमधून वगळून पुतळ्यांकडे पाठवले गेले होते. चित्रात ती स्वतः उभी आहे, कपडे घातलेली, हातात कुंचला. समोर नग्न मॉडेल, आणि कॅनव्हासवर तिचेच अर्धे रंगलेले चित्र. १९३६ मध्ये रॉयल अकादमीने तिला पूर्ण सदस्य म्हणून निवडले. कॉफमन आणि मोझर यांच्यानंतर हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. झोफनीच्या भिंतीवर टांगलेली स्त्री खाली उतरून मॉडेलसमोर उभी राहायला एवढा काळ लागला.

३१/
यापुढे कोणतेही फॅशन-चित्र समोर आले, दोनशे वर्षांपूर्वीचे असो की आज सकाळचे, तर कपड्याकडे जाण्याआधी एकच गोष्ट शोधावी: भार कोणत्या पायावर आहे? उत्तर सापडले तर ते चित्र काढणाऱ्याने कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, एका थकत चाललेल्या माणसाकडे नीट पाहिले होते. सापडले नाही, तर तिथे कपडा आहे आणि तो घालायला कोणी नाही.

(धागा समाप्त)